यंत्राला दम लागतो

तोलापाम्पा, १० एप्रिल २००८

प्रिय मामा,

भाचीचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. बरोबर ओळखलंस. इथे फोन लागत नाही, म्हणून दर गुरुवारी बाजाराला उतरणाऱ्या सेफेरिनोच्या ट्रकबरोबर हे पाठवतेय. पाकिटाला बटाट्यांचा वास येत असेल तर तो त्याचा दोष.

माझा लॅपटॉप गेला. संस्थेने नवा मंजूर केलाय आणि निवडायचं काम माझ्यावरच टाकलंय, कारण आरेकिपाच्या कचेरीत बसणाऱ्यांना इथली थंडी समजत नाही, असं मीच एकदा फणकाऱ्याने म्हणाले होते. आता भोगते. एकच मिळणार. निवड चुकली तर दुसरा पुढच्या वर्षी.

माझं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. तू गाव सोडलंस तेव्हा सुरिमाना, आपला ज्वालामुखी डोंगर, गप्प होता. आता गेली पाच वर्षं तो आतून कुरबुरतोय. त्याच्या खांद्यावर, दगडांखाली, आम्ही एक कान पुरलाय. त्याची तार माझ्या झोपडीत येते आणि लॅपटॉपवर रेघ उमटते. मामा, ती रेघ कधीही सरळ नसते! ज्याला आपण दगड म्हणतो तो क्षणभरही स्वस्थ नाही. पहिल्या दिवशी ते पाहिलं तेव्हा मी टोपी काढून उभी राहिले होते. झोपडीत दुसरं कोणी नव्हतं, तरीसुद्धा.

सुट्या रेघा उठल्या तर काळजी नसते. पण कंगव्याच्या दातांसारख्या, एकसारख्या, सारख्या अंतरावर उठू लागल्या, की आत काहीतरी वर सरकतंय असं समजायचं. तेव्हा गाव रिकामं करायचं. वरचं बर्फ वितळलं तर चिखलाचा लोंढा घळीतून येणार, आणि आपली चाळीस घरं त्या घळीच्या तोंडाशीच बसली आहेत. म्हणून हे यंत्र एक दिवसही बंद पडून चालत नाही.

आता माझे प्रश्न. पाठीवर घेऊन दोन तास चढायचं, म्हणजे हलका हवा. पण हलके असतात ते नाजूक असतात. उन्हात पडदा दिसायला हवा. कानाची तार जुन्या नऊ टोकांच्या जोडणीची आहे, ती नव्या लॅपटॉपना नसतेच म्हणे. आणि महिनाभराची नोंद मावायला हवी. सगळं एकात मिळेल का?

आई म्हणाली, "विचार त्याला. माणूस म्हणून कसाही असो, यंत्रातलं कळतं त्याला." तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलंय. गोड करून लिहिलं असतं तर तू ओळखलंच असतंस.

तुझी,
हर्मेलिंदा

मोयेंदो बंदर, १९ एप्रिल २००८

चिरंजीव हर्मेलिंदा,

पत्र मिळालं, बटाट्याचा वास मिळाला, बहिणीचा टोमणाही मिळाला. तिन्हींची पोच देतोय. आमच्या आईच्या मातीला मी आलो नाही, त्याला अकरा वर्षं झाली, पण बासिलियाच्या जिभेची धार काही कमी होत नाही. असो.

तुझ्या कामाचं वाचून मी हातातला सोल्डर खाली ठेवला. आमच्या लहानपणी आजोबा त्या डोंगरालाही आजोबाच म्हणायचे आणि दारू प्यायच्या आधी पहिला घोट त्याच्या नावाने जमिनीवर ओतायचे. मला वाटायचं, म्हातारा दारू वाया घालवतोय. आणि तू म्हणतेस तो खरंच जागा आहे!

आता कामाचं. दुकानात तीन लॅपटॉप मांडून बसलो. पहिला चंदेरी, पातळ, उचलला तर हातात आहे की नाही कळू नये. पडदा मात्र असा चकचकीत की तुमच्या उन्हात तुला स्वतःचे दात दिसतील, डोंगर दिसायचा नाही. आणि नऊ टोकांची जोडणी नाही. बाद. दुसरा सैन्याला विकतात तसला, रबराच्या कडांचा. त्यावरून ट्रक गेला तरी चालेल, पण तो वर न्यायला ओझ्याची लामा लागेल. बाद. तिसरा काळा, जाडजूड, दिसायला पोलिसाच्या बुटासारखा. पडदा निस्तेज, म्हणजे तुझ्या कामाचा. जोडणी आहे. बॅटरी काढता येते. थंडीत ती अंगरख्यात धरून बस. कळफलकाखाली पन्हाळी काढली आहे, पाणी सांडलं तर खालून निघून जातं. तुमच्याकडे पाणी सांडायच्या आधी गोठतं, तेव्हा ही सोय फुकट. पण आहे ती आहे. वजन अडीच किलो. तेवढं सोसावं लागेल, पोरी. हलकेपणा आणि टिकाऊपणा एका दुकानात मिळत नाहीत.

खरं अडलं ते साठवणीवर. एक नवीन जात आलीय, तिच्यात काही फिरतच नाही. पण त्याच किमतीत ती दहावा हिस्सा साठवते. दुसरी नेहमीची फिरती चकती, तुझी वर्षभराची नोंद पोटात घेईल अशी. मी चकती निवडली. तू तशी उघडी पाहिली आहेस का कधी? आरशासारखी असते. मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेते आणि वाचणारी सुई तिला स्पर्शसुद्धा करत नाही, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी वर तरंगत राहते. माणसाने हे केलंय, हर्मेलिंदा! मी चाळीस वर्षं यंत्रं खोलतोय, पण चकती उघडली की अजून माझं तोंड उघडं राहतं. तिच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं आणि खाली छापलेलं असतं, ‘हे झाकू नका’. का, ते मला कोणी सांगितलं नाही.

पाच दिवस अखंड चालवून पाहिली, एकदाही खोकली नाही. मग चकतीसकट तो काळा लॅपटॉप सेफेरिनोच्या हवाली केला. त्याला म्हटलं, "अंडी समज." तर म्हणतो, "अंडी मी रोज फोडतो." तेव्हा जरा घाबरतच पाठवतोय.

तुझा मामा,
एलेउतेरिओ

तोलापाम्पा, ८ मे २००८

प्रिय मामा,

अंडं न फुटता पोचलं! काय देखणं यंत्र आहे रे. पोलिसाचा बूट म्हणून तू त्याचा उगाच अपमान केलास. भर दुपारी झोपडीच्या दारात बसले तरी रेघ स्पष्ट दिसते. काल कान जोडला आणि डोंगराने पहिलीच रेघ अशी काढली की जणू ओळख दाखवतोय.

आईने आपल्या रीतीप्रमाणे त्याचं स्वागत केलं. शेजारची फॉर्तुनाता म्हातारी पाहायला आली होती. तिने यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे खालून आलंय. पहिले दिवस सांभाळा, दमेल." आम्ही हसलो.

एक विचारायचं होतं. यंत्राला ओल लागली तर ते लगेच बिघडतं की काही दिवसांनी? सहज विचारतेय.

तुझी,
हर्मेलिंदा

मोयेंदो, १७ मे २००८

चिरंजीव हर्मेलिंदा,

‘सहज विचारतेय’ असं तू लहानपणी म्हणालीस तेव्हा माझा रेडिओ विहिरीत होता. कोणी काय सांडलं? किती? कशावर? पन्हाळी आहे म्हणून सांगितलं होतं ना. खालून निघून गेलं असेल तर काही होत नाही. पण खरं सांग.

मलाही एक विचारायचंय. तुझी ती झोपडी नक्की किती उंचीवर आहे? म्हणजे मीटरमध्ये. गाव साडेचार हजारांवर, एवढं मला आठवतं. झोपडी आणखी वर का? सहज विचारतोय.

तुझा,
मामा

तोलापाम्पा, ५ जून २००८

मामा,

आता खोटं बोलण्यात अर्थ नाही. यंत्र गेलं.

सांडलं होतं. पाणी नाही, बियर. नवी वस्तू घरात आली की तिच्यावर शिंपण करायचं, हे तुला माहीत आहे. तू लहान असताना नव्या नांगरावर केलं असेल, आता लोक ट्रकवर करतात, शिवणयंत्रावर करतात. आईने चार कोपऱ्यांवर चार थेंब टाकायचे. पण ती भारावून गेली होती, रे. म्हणाली, "हे आजोबांशी बोलणारं यंत्र. याला चार थेंब?" आणि बाटली हलवून अंगठा काढला. फेस सगळा कळांमध्ये. मी किंचाळले, यंत्र उलटं केलं, खालून बियर ठिबकली. तीन आठवडे चाललं, म्हणून मला वाटलं निभावलं.

आठ दिवसांपूर्वी ते टकटक करायला लागलं. आधी मधूनच. मग पडदा गोठायचा, नोंदी उघडायच्या नाहीत. मी बंद करून पुन्हा सुरू करायची, की ते बिचारं पुन्हा लिहायला बसायचं. परवा, तीन तारखेला सकाळी, टक, टक, टक, आणि संपलं. फॉर्तुनाता येऊन पाहून गेली. म्हणाली, "मी सांगितलं होतं, याला सोरोचे झालाय. उंचीचा दम." आणि दम लागला की चघळतात ती कोकाची तीन पानं त्याच्यावर ठेवून गेली. लोक हसले. आई हसली नाही. ती जेवतही नाही. म्हणते, "मी उष्ट्या बाटलीने शिंपण केलं. आजोबांनी यंत्राचं तोंड बंद केलं." मी कितीही समजावलं तरी ऐकत नाही, आणि खरं सांगू का, मलाही वाटतं की दोष बियरचाच आहे.

आरोग्य केंद्रातल्या रेडिओवरून कचेरीला कळवलं. कारण सांगितलं नाही. म्हणाले, खास बाब म्हणून मागितलं तरी दुसरं यायला सहा आठवडे.

मामा, डोंगर बदललाय. यंत्र नाही, पण मी पाच वर्षं त्याच्याजवळ बसलेय. पाण्याचं पातेलं दगडावर ठेवलं तर पाणी थरथरतं. सकाळी लामा वरच्या कुरणात जायला तयार नाहीत. पण एवढ्यावर चाळीस घरं उठवायची कशी? गेल्या वर्षी कचेरीने एकदा उगाच उठवलं, तेव्हा थंडीत दोन म्हातारे गेले. पुरावा नसताना कोणी हलणार नाही, आणि हलावं असं मीही म्हणू शकत नाही.

चकती काढून लोकरीत गुंडाळून पाठवतेय. तीन तारखेपर्यंतचं जे काही ऐकलं ते तिच्या पोटात आहे. काढता आलं तर काढ. चूक आमची आहे, रागावणं नंतर कर.

हर्मेलिंदा

मोयेंदो, ८ जून २००८, रविवार

पोरी,

हे पत्र तुला मिळेल तोवर गाव रिकामं झालेलं असेल, अशी आशा करतो. तरी लिहितो, कारण मला तुझ्याकडे आणि बासिलियाकडे खरं बोलायचंय.

काल दुपारी चकती पोचली. तसलाच दुसरा लॅपटॉप दुकानात होता, त्यात बसवली. समुद्राचा आवाज नको म्हणून दार लावून घेतलं आणि कान टेकवला. एकदा कण्हली, आणि फिरू लागली. इतकी सहज, की मी मागे सरकलो. काठाला थोडे ओरखडे आहेत, बाकी सगळं शाबूत. पडद्यावर तुझी रेघ आली.

तुला काय सांगू? ज्याच्या अंगाखांद्यावर मी लामा चारल्या, ज्याच्याकडे पाठ करून खाली उतरलो, तो मोयेंदोच्या बंदरावर, माशांच्या वासात, माझ्या टेबलावर बोलत होता. एक तारीख पाहिली: सुट्या रेघा. दोन तारीख: दाट. तीन तारखेची पहाट, पाच वाजल्यापासून यंत्र संपेपर्यंत: कंगवा. तू लिहिलं होतंस तसाच, एकसारखा, एक दात इकडे-तिकडे नाही. मला या शास्त्रातलं काही कळत नाही, पण कंगवा कळतो. चर्चमध्येही माझे गुडघे असे टेकले नव्हते.

धावत जाऊन कचेरीला फोन लावला. ड्यूटीवरचा बाबा आधी म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "रेडिओ दुरुस्त करणारा. पण तुम्ही आधी हे बघा." दुकानाच्या इंटरनेटवरून नोंद पाठवली. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता. तुमचा रेडिओ दिवसातून एकदाच उघडतो म्हणे; आज दुपारी बाराला त्यावरून गाव सोडायचा हुकूम जाईल.

आता ऐक. दोष बियरचा नाही. बासिलियाला हे आधी सांग, मग पुढचं वाच. कळफलक कोरडा होता, पन्हाळीने आपलं काम केलं होतं. दोष माझा. चकतीवर सुई तरंगते म्हणून मी नाचत होतो, पण ती कशावर तरंगते याचा विचार केला नाही. ती हवेवर तरंगते. चकती फिरली की हवेचा थर उठतो, त्यावर सुई उभी राहते. ते न झाकायचं भोक तिच्या श्वासाचं आहे. तुमच्याकडे हवाच विरळ, म्हणून सुई खाली बसायची आणि चकतीला घासायची. ती टकटक म्हणजे तिला दम लागला होता. तुमच्या फॉर्तुनाताने हात ठेवून ओळखलं, आणि मी चाळीस वर्षं यंत्रं खोलून ओळखलं नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: तीन हजार मीटरच्या वर वापरू नये. मी ते वाचलं होतं. वाचून हसलो. इथे पायाशी समुद्र, तीन हजार मीटर कोणाला सुचतात? आणि मला ती चकती आवडली होती. न फिरणारी जात घेतली असती तर साठवण कमी मिळाली असती, तुला दर आठवड्याला नोंद उतरवून ठेवावी लागली असती, पण यंत्र जगलं असतं. तू ओल लागल्याचं विचारलंस त्या दिवशी मला तो कागद आठवला, म्हणून मी उंची विचारली. तरी गप्प बसलो. तुम्हा सगळ्यांचा जीव त्यावर होता आणि मी माझी लाज सांभाळत होतो.

आणि लाजेचं निघालंच आहे तर तेही सांगतो. अकरा वर्षांपूर्वी आईच्या मातीला मी निघालो होतो. वरच्या खिंडीत बसमध्येच माझे ओठ निळे पडले. ड्रायव्हरने मला उतरवून, खाली जाणाऱ्या गाडीत पोत्यासारखं टाकलं. डोंगरात जन्मलेल्या माणसाला सोरोचे! बासिलियाला हे कुठल्या तोंडाने सांगू? तिला वाटलं, बंदरातला माणूस, फुरसत मिळाली नसेल. मी वाटू दिलं.

सुखरूप आहात एवढं कळव.

मामा

वियापाताचं पठार, ३ जुलै २००८

प्रिय मामा,

सगळे सुखरूप आहोत. चाळीसच्या चाळीस घरची माणसं.

हुकूम बाराला आला, आणि पुढे असंही सांगितलं की पुरावा मोयेंदोहून आलाय, बासिलियाच्या भावाकडून. लोकांनी आईकडे पाहिलं. तिने चूल विझवली आणि कोंबड्या पोत्यात भरायला लागली. ते पाहून बाकीचे उठले. संध्याकाळपर्यंत आम्ही पठारावर होतो.

पाच दिवस काही झालं नाही. लोक कुरकुरायला लागले, परत जायच्या गोष्टी सुरू झाल्या. शुक्रवारी, तेरा तारखेला, सकाळी नऊच्या सुमारास लामांनी एकदम माना वर केल्या. मग आवाज आला. मी पाच वर्षं तो रेघेत पाहिला, पण कानाने पहिल्यांदा ऐकला, आणि पायांनी, आणि छातीने. घळीतून काळा लोंढा उतरला. घराएवढे दगड त्यावरून तरंगत येत होते, खरंच तरंगत, रे. शाळा गेली, पूल गेला, अकरा घरं गेली. आपलंही गेलं. कोणी रडलं नाही. सगळे टोप्या काढून उभे होते. फॉर्तुनाता हळूच म्हणाली, "बोलले आजोबा." मी आयुष्यात एवढं मोठं काही पाहिलेलं नाही, आणि त्याने आधी सांगून ठेवलं होतं याचं मला अजून नवल वाटतंय.

तुझं पत्र सेफेरिनोने इथे तंबूत आणून दिलं. मी आईला वाचून दाखवलं. बियरचं ऐकल्यावर तिने मोठा श्वास सोडला आणि बटाटे सोलायला घेतले. चकतीचं ऐकलं. कागदाचं ऐकलं तेव्हा म्हणाली, "गाढव." मग शेवटचं वाचलं. तिने हातातला बटाटा खाली ठेवला. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, आणि त्याला दम लागला होता? मुडद्याने बोलायचं नाही का?" आणि मामा, मग ती रडली. घर गेलं तेव्हा रडली नव्हती.

तिचा निरोप लिहून घे. हे पठार तीन हजार सातशेवर आहे, खिंड लागत नाही. वाटेत दोन मुक्काम करून ये. एक ऑगस्टला धरतीमायला आणि आजोबांना नैवेद्य द्यायचा आहे. कोका, चरबी, मिठाई, सगळं जमवलंय. त्यात ती चकती ठेवायची असं आईच्या मनात आहे. म्हणते, "दम लागला तरी ऐकलेलं पोटात धरून खाली गेली. तिला डोंगरातच जागा द्यायची."

कचेरीने लॅपटॉप मंजूर केलाय. या वेळी निवड मी करतेय: न फिरणारी जात, लहान साठवण. दर गुरुवारी नोंद उतरवून सेफेरिनोबरोबर पाठवीन. बाकी सगळं तेच, पन्हाळीसकट. पन्हाळी लागणार आहे.

तुझी,
हर्मेलिंदा

मोयेंदो, २० जुलै २००८

चिरंजीव हर्मेलिंदा,

निघतोय. सत्तावीसला आरेकिपा, दोन दिवस तिथेच, मग एक दिवस मधल्या गावात. दुकानाच्या दारासाठी पाटी रंगवून ठेवली: ‘वर गेलो आहे’. शेजारचा मासेवाला विचारत होता, "वर म्हणजे? एवढ्यात?" मी म्हटलं, "बहिणीकडे."

तुझं नवं यंत्र घेतलंय. या वेळी खोक्यातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, भिंगातून. चालू असताना आवाजच येत नाही, आत काहीच हलत नाही. मला तो प्रकार अजून पटत नाही, पण पटवून घेईन. चकती रुमालात गुंडाळून खिशात ठेवलीय. तिच्या श्वासाच्या भोकावर बोट येणार नाही याची काळजी घेतो. आता ती बंदच आहे, त्याने काही फरक पडत नाही, हे मला कळतं. तरी घेतो.

बियर मी आणतोय, न उघडलेली. शिंपण बासिलियानेच करायचं, चार थेंब की अख्खी बाटली ते तिचं तिने ठरवावं.

सेफेरिनोला सांग, पुढची जागा राखून ठेव आणि घाटात गाडी हळू हाक. आणि फॉर्तुनाताला सांग, कोकाची पानं जरा जास्त ठेव. यंत्राला नकोत. मला लागतील.

तुझा मामा,
एलेउतेरिओ